रजिस्ट्रीतील कीची नक्कल

विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक संगणकात रजिस्ट्री नावाचे एक मध्यवर्ती नोंदभांडार असते. कीबोर्डाची भाषा कोणती, संगणक सुरू होताना कोणत्या सेवा जाग्या कराव्यात, एखाद्या फाइलीवर दोनदा क्लिक केल्यास कोणता प्रोग्रॅम उघडावा, अशा हजारो बारीकसारीक गोष्टी प्रणाली या भांडारात पाहून ठरवते. एका खात्यात नीट बसवलेली मांडणी दुसऱ्या खात्यात न्यायची असते, किंवा एका संगणकावरची मांडणी प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर करायची असते, तेव्हा संगणक-व्यवस्थापक ते काम हाताने न करता स्क्रिप्टकडून करवून घेतात. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीमागून ओळ वाचत पार पाडायच्या आज्ञांची साधी मजकूर-फाइल. रजिस्ट्रीच्या एका भागाची नक्कल करण्याची आज्ञा स्क्रिप्टमध्ये एका ओळीत मावते. मात्र ती ओळ तक्रार न करता पार पडली म्हणून नक्कल मुळाबरहुकूम झाली असे मुळीच नसते, आणि या दोहोंतले अंतर कोठे पडते हे रजिस्ट्रीची घडण पाहिल्याशिवाय कळत नाही.

रजिस्ट्री येण्यापूर्वी विंडोजमधील प्रोग्रॅम आपापल्या नोंदी ‘आयएनआय’ प्रकारच्या मजकूर-फाइलींत ठेवत. ‘विन डॉट आयएनआय’ आणि ‘सिस्टिम डॉट आयएनआय’ या त्यांतल्या दोन प्रमुख फाइली. कोणत्याही साध्या संपादकात त्या उघडता येत आणि त्यांची नक्कल म्हणजे फाइलीची नक्कल, इतका तो मामला सरळ होता. पण या फाइलींना ६४ किलोबाइटच्या आकाराची मर्यादा होती, एकाच संगणकावरच्या दोन माणसांच्या आवडी वेगळ्या ठेवण्याची सोय नव्हती, आणि कोणती नोंद कोणी बदलावी यावर बंधनही नव्हते. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये रजिस्ट्री आली ती मर्यादित कामापुरती, मुख्यतः फाइलींचे प्रकार आणि प्रोग्रॅम यांची सांगड घालण्यासाठी. १९९३च्या विंडोज एनटीमध्ये तिला आजचे पूर्ण रूप मिळाले, आणि १९९५च्या विंडोज ९५बरोबर ती घरोघरच्या संगणकांत पोहोचली. मजकूर-फाइलींच्या साधेपणाला मुकल्याबद्दल आजही अनेक जाणकार हळहळतात, आणि लिनक्सच्या ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील वाचनीय फाइलींकडे बोट दाखवतात. ती हळहळ अगदीच निराधार नाही, परंतु परवानग्या आणि वापरकर्तानिहाय विभागणी यांचे जे प्रश्न रजिस्ट्रीने सोडवले, ते त्या मजकूर-फाइलींना सुटले नव्हते हेही खरे.

रजिस्ट्रीची रचना झाडासारखी उतरत जाणारी आहे. फोल्डरच्या जागी येथे ‘की’ असते, कीच्या पोटात उपकी असतात, आणि प्रत्येक कीमध्ये ‘व्हॅल्यू’ म्हणजे नाव असलेल्या नोंदी असू शकतात. प्रत्येक नोंदीचे तीन घटक असतात : नाव, प्रकार आणि आशय. यांपैकी प्रकाराकडे नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. ‘रेग एसझेड’ म्हणजे साधा मजकूर, ‘रेग डीवर्ड’ म्हणजे ३२ बिटांची संख्या, ‘रेग बायनरी’ म्हणजे कच्चे बाइट, ‘रेग मल्टी एसझेड’ म्हणजे मजकुरांची यादी, आणि ‘रेग एक्स्पांड एसझेड’ म्हणजे ज्यातील काही शब्द वाचतेवेळी बदलून घ्यायचे असा मजकूर. या शेवटच्या प्रकाराची करामत पुढे येईल.

झाडाच्या मुळाशी ‘एचकी लोकल मशीन’, ‘एचकी करंट युजर’, ‘एचकी युजर्स’ अशा पाच मूळ कीज दिसतात, पण त्या सगळ्या स्वतंत्र नाहीत. ‘करंट युजर’ हे ‘एचकी युजर्स’खालील एका उपकीचे दुसरे नाव आहे, आणि ती उपकी कोणती हे आज्ञा देणारा प्रोग्रॅम कोणाच्या नावाने चालला आहे यावर ठरते. डिस्कवर रजिस्ट्री एका फाइलीत नसून ‘हाइव्ह’ म्हटल्या जाणाऱ्या अनेक फाइलींत विभागलेली असते : यंत्राच्या नोंदी ‘सिस्टिम ३२’ फोल्डरातील ‘कॉन्फिग’मध्ये आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या फोल्डरातील ‘एनटीयुजर डॉट डॅट’ या फाइलीत. वापरकर्ता प्रवेश करतो तेव्हा त्याची हाइव्ह ‘एचकी युजर्स’खाली जोडली जाते आणि तो बाहेर पडला की काढून घेतली जाते, त्यामुळे संगणकावर दहा खाती असली तरी त्या क्षणी ज्यांची हाइव्ह जोडलेली आहे तेवढ्यांचीच झाडे रजिस्ट्री-संपादकात दिसतात. काही भाग तर डिस्कवर मुळीच नसतात. ‘लोकल मशीन’खालील ‘हार्डवेअर’ ही की संगणक सुरू होताना दर वेळी नव्याने रचली जाते, तेव्हा तिच्यात नक्कल करून काही घातले तरी पुढच्या सुरुवातीला त्याचा मागमूस उरत नाही.

मराठी वापरकर्त्याच्या हाताखालचेच एक उदाहरण घेतले म्हणजे नक्कल करण्याची गरज कोठून येते ते दिसेल. ‘करंट युजर’खाली ‘कीबोर्ड लेआउट’ नावाची की असते आणि तिच्या पोटात ‘प्रीलोड’, ‘सब्स्टिट्यूट्स’ आणि ‘टॉगल’ अशा उपकी असतात. ‘प्रीलोड’मध्ये १, २ अशा नावांच्या नोंदी असून प्रत्येकीत एका कीबोर्डाचा आठ अंकी सांकेतिक क्रमांक असतो, अमेरिकी इंग्रजीसाठी ०००००४०९ आणि मराठीसाठी ०००००४४ई. क्रमांकाच्या शेवटचे ‘ई’ हे रोमन अक्षर सोळाच्या पायावरच्या अंकलेखनातील चौदा हा अंक दर्शवते, त्यामुळे दशमान पद्धतीत मराठीचा क्रमांक ११०२ होतो. देवनागरीतील भाषांचा पाठिंबा विंडोज २०००मध्ये आल्यापासून मराठीची ही खूण कायम राहिली आहे. ‘प्रीलोड’मधील क्रमावरून प्रवेशानंतर कोणता कीबोर्ड आधी हाती यावा हे ठरते, आणि ‘टॉगल’मध्ये एका कीबोर्डावरून दुसऱ्यावर उडी मारण्याची कळ नोंदलेली असते.

आता एखाद्या शाळेच्या संगणककक्षात शिक्षकांनी आपल्या खात्यात मराठी कीबोर्ड नीट लावून घेतला आहे आणि तोच स्वागत-पडद्यावर, म्हणजे पासवर्ड मागणाऱ्या पहिल्या पडद्यावर, व पुढे उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या खात्यातही हवा आहे, असे समजू. येथे पहिलीच गफलत पत्त्याची होते. ‘एचकी युजर्स’खाली ‘डॉट डिफॉल्ट’ नावाची एक उपकी दिसते आणि नावावरून ती नव्या वापरकर्त्यांचा नमुना असावी असे कोणालाही वाटते, पण ती तशी नाही. ती ‘लोकल सिस्टिम’ या प्रणालीच्या अंतर्गत खात्याची की आहे, आणि स्वागत-पडदा त्या खात्याच्या नावाने चालत असल्यामुळे तेथील कीबोर्ड तिच्यावरून ठरतात. नव्या खात्यांचा खरा नमुना ‘युजर्स’ फोल्डरातील ‘डिफॉल्ट’ या लपवलेल्या फोल्डरात, ‘एनटीयुजर डॉट डॅट’ या नावाने पडून असतो. नवे खाते प्रथम उघडते तेव्हा विंडोज हीच फाइल उचलून त्या खात्याला देते, म्हणजे रजिस्ट्रीची नक्कल करण्याचे काम प्रणाली स्वतःही नित्य करत असते. स्क्रिप्टने बदलायचा असतो तो हा नमुना. दोन हेतूंसाठी दोन निरनिराळे पत्ते आहेत आणि नावे त्यांच्या उलट अर्थ सुचवतात, ही विंडोजच्या रचनाकारांची करामत कौतुकास्पद नक्कीच नव्हे.

या कामासाठी स्क्रिप्टची भाषा कोणती घ्यावी हा प्रश्न आता जवळजवळ निकालात निघाला आहे. दीर्घकाळ व्हीबीस्क्रिप्ट वापरली जात असे, पण तिच्याकडे एकेक नोंद वाचण्याची, लिहिण्याची आणि पुसण्याचीच साधने होती. ‘या कीखाली कोणकोणत्या उपकी आहेत’ हे विचारण्याची सोय नसल्यामुळे पूर्ण शाखेची नक्कल करायची तर डब्ल्यूएमआय या व्यवस्थापन-सेवेच्या दारातून वळसा घालावा लागे. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने ती भाषा निवृत्तीच्या वाटेवर असल्याचे जाहीर केले. तिची जागा घेतली ती पॉवरशेलने. जेफ्री स्नोव्हर यांनी २००२मध्ये ‘मोनॅड’ या नावाने जिचा आराखडा मांडला, ती ही भाषा २००६मध्ये बाहेर पडली, आणि तिच्या रचनेतील एक कल्पना रजिस्ट्रीच्या दृष्टीने फार सोयीची ठरली : नोंदींचे कोणतेही भांडार डिस्कच्या ड्राइव्हसारखे दाखवायचे, म्हणजे फोल्डरमध्ये शिरण्याच्या, यादी पाहण्याच्या आणि नक्कल करण्याच्या त्याच आज्ञा तेथेही चालतात. त्यानुसार ‘एचकेएलएम’ आणि ‘एचकेसीयू’ असे दोन ड्राइव्ह पॉवरशेलमध्ये तयार मिळतात. ‘एचकी युजर्स’साठी मात्र तयार ड्राइव्ह नाही; पत्त्यापुढे ‘रजिस्ट्री’ हा शब्द आणि लागोपाठ दोन अपूर्णविराम लावून तेथे पोहोचावे लागते.

नक्कल करणारी आज्ञा ‘कॉपी-आयटेम’. यंत्रावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागते. तिला मूळ पत्ता आणि गन्तव्य पत्ता दिला की काम होते, पण ‘रिकर्स’ हा जोडशब्द तिच्या शेपटीला लावला नाही तर ती फक्त ती एक की आणि तिच्या थेट नोंदी उचलते, उपकी मागेच सोडते. ‘कीबोर्ड लेआउट’च्या बाबतीत याचा परिणाम विनोदी होतो, कारण त्या कीमध्ये थेट नोंदच नाही, सगळा ऐवज उपकींत आहे; त्यामुळे आज्ञा बिनतक्रार पूर्ण होते आणि पलीकडे एक रिकामी की उभी राहते. ‘रिकर्स’ म्हणजे पुनरावर्तन : की घ्यायची, तिच्या नोंदी उतरवायच्या, मग प्रत्येक उपकीसाठी हीच कृती पुन्हा करायची, आणि खाली उपकी उरली नाही की परतायचे. पायथन या भाषेच्या ‘विनरेग’ या प्रमाणित मोड्यूलमध्ये अशी आयती आज्ञा नसते, तेथे हे पुनरावर्तन प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच रचावे लागते. क्रमांक शून्यापासून वाढवत ‘एनमकी’ला पुढच्या उपकीचे नाव विचारत राहायचे, आणि ‘आणखी माहिती नाही’ अशा अर्थाची त्रुटी आली म्हणजे यादी संपली असे समजायचे. ज्याला स्वतः पुनरावर्तन लिहायचे आहे त्याने गन्तव्य पत्ता मूळ पत्त्याच्याच पोटात तर नाही ना हे आधी तपासावे, नाहीतर नक्कल आपल्याच नकलेची नक्कल करत खाली उतरत जाते.

गन्तव्य की आधीपासून अस्तित्वात असली तर घोटाळ्याचे स्वरूप बदलते. ‘डॉट डिफॉल्ट’खाली ‘कीबोर्ड लेआउट’ ही की बहुधा असतेच. तिचा पूर्ण पत्ता गन्तव्य म्हणून ‘कॉपी-आयटेम’ला दिला तर ती मूळ की त्या कीच्या पोटात नेऊन ठेवते, आणि ‘कीबोर्ड लेआउट’खाली दुसरी ‘कीबोर्ड लेआउट’ तयार होते, जिच्याकडे प्रणाली कधी पाहणारच नाही. विंडोजसोबत येणारी जुनी ‘रेग कॉपी’ ही आज्ञा याच परिस्थितीत उलट वागते. तिला दिलेला गन्तव्य पत्ता ती शब्दशः घेते आणि आशय थेट त्या कीमध्ये ओतते. एका आज्ञेवरून दुसरीवर जाणारे अनुभवी लोकही येथे ठेचकाळतात. दोन्हींत ओतणे म्हणजे मिसळणे असते, बदली नव्हे : गन्तव्य ‘प्रीलोड’मध्ये आधीच तीन नोंदी असतील आणि मुळात दोनच असतील, तर पहिल्या दोन बदलतात आणि तिसरी जुनी तशीच राहते. तंतोतंत नक्कल हवी तर गन्तव्य उपकी आधी रिकामी करावी लागते, आणि ती रिकामी करण्यासाठी काही जण ‘न्यू-आयटेम’ या आज्ञेला ‘फोर्स’ जोडून की ‘पुन्हा’ तयार करतात. नेहमीच्या फोल्डरवर हा प्रयोग निरुपद्रवी असतो. रजिस्ट्रीत मात्र अस्तित्वात असलेल्या कीवर तो केल्यास तिच्यातले सारे पुसले जाऊन कोरी की उरते; हेतू तोच असेल तर ठीक, पण ‘की नसेल तर तयार कर’ एवढ्याच हेतूने ती ओळ स्क्रिप्टमध्ये घातली असेल तर नुकसान मोठे होते. अशा ठिकाणी की आहे का हे ‘टेस्ट-पाथ’ने आधी विचारणे हाच सरळ मार्ग, आणि धोकादायक ओळींना ‘व्हॉटइफ’ जोडून त्या काय करतील एवढेच आधी पाहून घेणे हा दुसरा.

प्रकारांचा प्रश्न याहून बारीक आहे, कारण त्यातली चूक डोळ्यांना दिसत नाही. पूर्ण कीऐवजी निवडक नोंदी न्यायच्या असतात तेव्हा स्क्रिप्ट लिहिणारे एका आज्ञेने आशय वाचतात आणि दुसरीने तो पलीकडे लिहितात. वाचताना प्रकार मागे राहतो, आणि लिहिताना प्रकार सांगितला नाही तर पॉवरशेल आशयावरून अंदाज करते : मजकूर दिसला तर ‘रेग एसझेड’, संख्या दिसली तर ‘रेग डीवर्ड’. ‘प्रीलोड’मधील ०००००४०९ दिसायला संख्या असली तरी प्रकाराने मजकूर आहे, कोणी तो अवतरणचिन्हांवाचून स्क्रिप्टमध्ये लिहिला तर पुढची शून्ये गळून ४०९ ही संख्या नोंदली जाते, आणि मजकुराची वाट पाहणाऱ्या प्रणालीला ती उपयोगाची नसते.

‘रेग एक्स्पांड एसझेड’चा फटका अधिक खोल बसतो. ‘करंट युजर’खालील ‘एन्व्हायरन्मेंट’ या कीमध्ये ‘टेम्प’ नावाची नोंद असते आणि तात्पुरत्या फाइली कोठे ठेवाव्यात हे ती सांगते. तिचा पत्ता कोणा एका वापरकर्त्याचा नसतो. त्याच्या आरंभी दोन टक्केचिन्हांमध्ये ‘युजरप्रोफाइल’ हा शब्द असतो आणि जो कोणी नोंद वाचेल त्याच्या स्वतःच्या फोल्डरचा पत्ता त्या जागी बसतो. पॉवरशेलची ‘गेट-आयटेमप्रॉपर्टी’ ही आज्ञा अशी नोंद वाचताना ही अदलाबदल करूनच उत्तर देते. ते उत्तर तसेच नव्या खात्यांच्या नमुन्यात लिहिले गेले, तर टक्केचिन्हांच्या जागी ज्याने स्क्रिप्ट चालवली त्याच्या फोल्डरचे नाव कायमचे कोरले जाते, आणि त्यानंतर उघडलेले प्रत्येक खाते आपल्या तात्पुरत्या फाइली परक्या माणसाच्या फोल्डरात ठेवू पाहते, जेथे त्याला लिहिण्याची परवानगी नसते. मग एखादा प्रोग्रॅम बसवता येत नाही, दुसरा मध्येच बंद पडतो, आणि या त्रासाचे मूळ रजिस्ट्रीतल्या एका नकलेत आहे असे सुचायलाही वेळ लागतो. उपाय आहे : पॉवरशेलच्या मुळाशी असलेल्या डॉटनेट ग्रंथालयातील ‘गेटव्हॅल्यू’ला ‘शब्द न बदलता द्या’ असा पर्याय देता येतो आणि ‘गेटव्हॅल्यूकाइंड’ला प्रकार विचारता येतो. पायथनचे ‘विनरेग’ या बाबतीत अधिक सरळ वागते. ते आशय जसाच्या तसा देते, सोबत प्रकाराचा क्रमांकही देते, आणि शब्द बदलायचे असल्यास त्यासाठी वेगळे फंक्शन ठेवते.

कीला केवळ आशय नसतो, तिला मालक आणि परवानग्याही असतात. कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे याची यादी प्रत्येक कीला जोडलेली असते, आणि नक्कल करताना नवी की जन्माला येते ती सहसा नव्या आईबापांचे, म्हणजे गन्तव्यस्थानी वरच्या पातळीवर असलेल्या कीचे, नियम घेऊन. ज्या कीच्या परवानग्या विशेष काळजीने घट्ट केल्या होत्या तिची नक्कल सैल जागी पडली तर आतला आशय कोणालाही वाचता येऊ शकतो. ‘डॉट रेग’ प्रकारच्या निर्यात-फाइलींत परवानग्या येतच नाहीत. त्या सोबत हव्या असतील तर ‘रेग सेव्ह’ने हाइव्हच्या स्वरूपात भाग जतन करावा लागतो. उलट दिशेने, ‘सॅम’ आणि ‘सिक्युरिटी’ या कीज, ज्यांत खात्यांच्या पासवर्डांचे सांकेतिक रूप आणि तत्सम गुपिते असतात, त्या प्रशासकालाही संपादकात उघडता येत नाहीत, आणि नक्कल करणाऱ्या सर्वसाधारण स्क्रिप्टने त्यांच्या वाटेला जाऊही नये.

प्रशासकाच्या हक्कांतून आणखी एक पेच उद्भवतो. यंत्राच्या कीज बदलायच्या तर स्क्रिप्ट वाढीव हक्कांनी चालवावी लागते. साध्या खात्यात बसलेल्या शिक्षकाने ती सुरू केली आणि प्रशासकाचा पासवर्ड दिला, तर त्या क्षणापासून स्क्रिप्ट प्रशासकाच्या नावाने चालते आणि ‘करंट युजर’ या नावाखाली प्रशासकाची की येते. शिक्षकाने मेहनतीने लावलेला मराठी कीबोर्ड बाजूला राहून प्रशासकाचा, कदाचित केवळ इंग्रजी, कीबोर्ड सर्वत्र पसरतो. म्हणून अशा स्क्रिप्टमध्ये ‘करंट युजर’वर विसंबण्यापेक्षा ‘एचकी युजर्स’खाली शिक्षकाच्या खात्याची की ज्या सुरक्षा-क्रमांकाच्या नावाने असते तो शोधून तेथून वाचणे अधिक भरवशाचे.

नव्या खात्यांच्या नमुन्यापर्यंत पोहोचण्यासाठी ‘रेग लोड’ ही आज्ञा ‘डिफॉल्ट’ फोल्डरातील फाइल ‘एचकी युजर्स’खाली एखाद्या तात्पुरत्या नावाने जोडते, नोंदी बदलल्या की ‘रेग अनलोड’ने ती काढून घ्यायची. हे काढून घेणे पॉवरशेलमध्ये अनेकदा अडते आणि ‘प्रवेश नाकारला’ असे उत्तर मिळते, कारण उघडलेल्या कीजचे धागे पॉवरशेलने स्मृतीत अजून धरून ठेवलेले असतात. डॉटनेटच्या कचरा-संकलकाला, म्हणजे वापरून झालेली स्मृती मोकळी करणाऱ्या यंत्रणेला, स्पष्ट आज्ञा देऊन मगच ‘अनलोड’ करावे लागते. फाइल जोडलेलीच राहिली तर त्यानंतर नवे खाते उघडताना विंडोजला तो नमुना मोकळा मिळत नाही.

६४ बिटांच्या विंडोजवर पत्त्याचा आणखी एक दुटप्पीपणा आहे. जुन्या ३२ बिटांच्या प्रोग्रॅमांसाठी ‘लोकल मशीन’खालील ‘सॉफ्टवेअर’चा एक समांतर भाग ‘वाव ६४३२ नोड’ या नावाने ठेवलेला असतो, आणि ३२ बिटांचा प्रोग्रॅम ‘सॉफ्टवेअर’ म्हणाला तरी प्रणाली त्याला गुपचूप तिकडे वळवते. तीच स्क्रिप्ट ३२ बिटांच्या पायथनवर आणि ६४ बिटांच्या पायथनवर चालवली तर एकाच पत्त्यावर दोन वेगळे आशय मिळू शकतात. ‘विनरेग’मध्ये की उघडताना कोणते दृश्य हवे ते सांगणारे दोन पर्याय आहेत, ते स्पष्टपणे द्यावेत.

बॅकअपशिवाय रजिस्ट्रीला हात लावू नये असा उपदेश प्रत्येक पुस्तकात असतो; बॅकअप परत घातल्यावर काय होते हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ‘डॉट रेग’ फाइल आयात करणे हेही मिसळणेच असते : जुन्या नोंदी परत येतात, पण मध्यंतरी स्क्रिप्टने ज्या नव्या घातल्या त्या तशाच राहतात, त्यामुळे ‘पूर्ववत’ म्हणता येईल अशी अवस्था येत नाही. पूर्वी ‘रेगबॅक’ फोल्डरात विंडोज आपल्या प्रमुख हाइव्हच्या प्रती ठेवत असे. विंडोज १०च्या १८०३ या आवृत्तीपासून ती सवय मुद्दाम बंद केली गेली आहे, आणि त्या फोल्डरावर भरवसा ठेवून बसलेल्याला तेथे शून्य आकाराच्या फाइली सापडतात.

देवनागरीपुरता एक इशारा वेगळा द्यावा लागतो. ‘डॉट रेग’ फाइलीचे दोन अवतार आहेत. नवा अवतार युनिकोडमध्ये लिहिला जातो. जुना, ‘रेगएडिट ४’ या शीर्षकाचा, संगणकाच्या स्थानिक संकेतपृष्ठात, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी असे संकेतपृष्ठ कधीच नव्हते. म्हणून ज्या नोंदीत मराठी फोल्डरचे किंवा मराठी मुद्रकाचे नाव आहे ती जुन्या स्वरूपात निर्यात केली तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उतरतात, आणि ती परत मिळवण्याचा मार्ग नसतो.

एवढे सगळे सांभाळूनही काही गोष्टी नकलेने पोहोचत नाहीत. दूरच्या सर्व्हरशी जोडणी करणारा पुटी हा प्रोग्रॅम आपली सगळी जतन केलेली सत्रे ‘करंट युजर’च्या ‘सॉफ्टवेअर’खाली, त्याचे कर्ते सायमन टॅथम यांच्या नावाच्या कीमध्ये ठेवतो, आणि ती शाखा नव्या संगणकावर नेली की सर्व्हरची नावे, पोर्ट, रंगसंगती सारे तेथे हजर होते, मात्र ओळख पटवणारी खासगी किल्ली ही वेगळी फाइल असते आणि रजिस्ट्रीत तिचा केवळ पत्ता असतो, त्यामुळे फाइल त्याच पत्त्यावर नसेल तर सत्र उघडून तेथेच अडते. जे प्रोग्रॅम आपले पासवर्ड विंडोजच्या डीपीएपीआय या सुरक्षा-सेवेकडून कूटबद्ध करून रजिस्ट्रीत ठेवतात, त्यांचे बाइट जसेच्या तसे पोहोचले तरी दुसऱ्या यंत्रावर उलगडत नाहीत, कारण उलगडण्याची किल्ली मूळ खात्याशी जखडलेली असते. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या कीवर नक्कल ओतली तर तो बंद होताना आपल्या स्मृतीतल्या जुन्या नोंदी पुन्हा लिहून सगळे श्रम वाया घालवू शकतो. कोणता प्रोग्रॅम नेमकी कोणती की केव्हा वाचतो आणि लिहितो हे पाहण्यासाठी मार्क रसिनोव्हिच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातील ‘प्रोसेस मॉनिटर’ उपयोगी पडतो. २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स ताब्यात घेतले आणि तो संच आजही विनामूल्य मिळतो.

कीबोर्डाच्या उदाहरणातही ‘कीबोर्ड लेआउट’ ही एकटी की पुरी पडत नाही. विंडोज ८पासून वापरकर्त्याच्या भाषांची यादी ‘कंट्रोल पॅनेल’ या कीखाली, ‘इंटरनॅशनल’मधील ‘युजर प्रोफाइल’मध्ये ‘लँग्वेजेस’ नावाच्या मजकूर-यादीत ठेवली जाते, आणि ‘प्रीलोड’ व ही यादी यांचे एकमेकांशी जमले नाही तर एकीकडे केलेला बदल दुसरीकडून पुसला जाण्याचा संभव असतो. याच कारणासाठी ‘रीजन’च्या जुन्या खिडकीतील प्रशासकीय पानावर, स्वागत-पडद्याला आणि नव्या खात्यांना ही मांडणी लावण्याचे बटण विंडोजने कधीचे देऊन ठेवले आहे, आणि विंडोज ११मध्ये तेच काम ‘कॉपी-युजरइंटरनॅशनलसेटिंग्जटूसिस्टिम’ अशा लांबलचक नावाच्या पॉवरशेल-आज्ञेने स्क्रिप्टमधूनही करता येते. जेथे अशी अधिकृत आज्ञा आहे तेथे रजिस्ट्रीत थेट उतरण्यात शहाणपण नाही, कारण उद्या एखादी की हलवली गेली तर ती आज्ञा बदलून देणे मायक्रोसॉफ्टला भाग आहे, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हातातील पत्ता मात्र तसाच जुना राहील. विंडोज १०च्या संगणकांवर ही आज्ञा नाही. तेथे बटण दाबत एकेका यंत्रापुढे बसावे लागते, किंवा दोन्ही कीज, त्यांचे प्रकार आणि दोन्ही गन्तव्ये ध्यानात ठेवून स्क्रिप्ट लिहावी लागते, आणि नव्या खात्यात एकदा प्रवेश करून मराठी कीबोर्ड खरोखर आला की नाही ते पाहावे लागते.